हलूनका आणि नाचरा

हॉस्पिटलच्या तळघरात, जिना उतरून उजवीकडे वळलं की एक्स-रेची खोली. तिथे बावीस वर्षं एकच माणूस उभा. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, बाकी कुठे नव्हतं. सफाईवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे त्याला हलूनका म्हणायचे. कारण तो दिवसातून साठ-सत्तर वेळा एकच म्हणायचा, "श्वास घ्या. धरा. हलू नका." एकदा लिफ्ट मध्येच अडकली, आत सात माणसं, सगळी घाबरून एकमेकांच्या अंगावर. हा सवयीने म्हणाला, हलू नका. लिफ्ट सुरू होईपर्यंत खरंच कुणी हललं नाही. असा त्याचा आवाज.

गोड बोलणं त्याला जमायचं नाही. "दुखतंय का" असं तो विचारायचाच नाही, कारण दुखत असणारच, नाहीतर माणूस तळघरात कशाला येईल. पण एक्स-रेची प्लेट गार असते, ती म्हाताऱ्या माणसाच्या उघड्या पाठीला लागली की माणूस दचकतो, म्हणून तो प्लेटवर आधी चादरीची घडी टाकून ठेवायचा. ह्या चादरी तो आपल्या थोरल्या बहिणीकडून, अक्काकडून आणायचा. अक्का त्याच हॉस्पिटलात चादरींच्या खोलीवर होती. दोघं भावंडं एका घरात राहायची, एकत्र यायची, एकत्र जायची आणि वाटभर भांडायची. अक्का म्हणायची, माझ्या धुतलेल्या चादरी तुझ्या यंत्राला पांघरायला नाहीत. आणि रोज दोन जास्तीच्या काढून ठेवायची.

तर अशा ह्या माणसाकडे एक दिवस मैदानवाले काका आले.

काका म्हणजे एका वर्तमानपत्राचे जुने फोटोग्राफर. तीस-पस्तीस वर्षं मैदानाच्या कडेला पत्र्याच्या पेटीवर बसून त्यांनी सामन्यांचे फोटो काढले. धावणारे, उडी मारणारे, पडणारे, सगळे त्यांनी हवेत पकडले होते. आता निवृत्त झाले होते आणि उजवा खांदा गेला होता. सोबत काकू होत्या, पण काळी पिशवी काकांनी डाव्या हातात स्वतः धरली होती. हलूनका म्हणाला, पिशवी खाली ठेवा. काका म्हणाले, नाही. दोन-तीन वेळा असं झाल्यावर हलूनकाने स्टूल ओढलं, काकांच्या डोळ्यांसमोर ठेवलं आणि पिशवी त्यावर ठेवायला लावली. म्हणाला, आता बघत बसा तिच्याकडे, तेवढाच खांदा सरळ राहील.

फोटो पडद्यावर आला. खांद्याच्या छपराचं हाड आणि दंडाचा गोळा ह्यांच्यात थोडी फट असते, ती जवळजवळ उरलीच नव्हती. गोळा वर चढून छपराला टेकायला आला होता. तंत्रज्ञाने पेशंटला काही सांगायचं नसतं. हलूनकाने काकांचा शर्ट उचलून पुढे केला.

"वाईट आहे ना?" काकांनी विचारलं.

"ते डॉक्टर सांगतील."

"तुझं तोंड सांगतंय की."

मग त्यांनी शर्ट घालायच्या आधीच डाव्या हाताने पिशवी उघडली. आत लेन्स होती, माणसाच्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, मागे कॅमेरा लावलेला. रंग घासून घासून कडांना पांढरी पडलेली. काका म्हणाले, धर. डावा तळवा खाली, कोपर बरगडीला, डोळा मागे. हलूनकाने धरली आणि खोलीच्या वरच्या झरोक्यातून बाहेर बघितलं. तळघराचा झरोका अंगणाच्या जमिनीला लागून असतो. तिथे रोज दिसायच्या त्या चपला आणि चाकं. आज तिथे एक चिमणी होती, आणि तिच्या डोळ्यात झरोका दिसत होता, चौकोनी, उजेडाचा, आत काळी कड.

हा माणूस बावीस वर्षं लोकांच्या आतलं बघत होता. बाहेरचं इतक्या जवळून त्याने कधी बघितलंच नव्हतं. तो लेन्स खाली करेना. बाहेर रांगेतल्या लोकांनी दार वाजवलं तेव्हा कुठे भानावर आला.

काकांना हसू आलं. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले, असं काकूंनी मागाहून सांगितलं.

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार मोकळा होता. तो गेला तर पुढे चार महिने जागा नव्हती, आणि तोवर खांद्याचा तुटलेला स्नायू इतका आक्रसेल की जोडायला काही उरणार नाही. पण ऑपरेशन झालं तरी हातात जड वस्तू घेऊन ती डोळ्यापर्यंत उचलणं विसरायचं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. एवढं ऐकलं आणि काका अडले. म्हणाले, मग कापताय कशाला, तसंही उचलायचं नाही नि असंही नाही. काकूंनी समजावलं, रागावल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. काका ढिम्म.

शेवटी काकांनी स्वतःच अट घातली, आणि ती हलूनकाच्या गळ्यात येऊन पडली. लेन्स कपाटात घालून मी त्या टेबलावर झोपणार नाही, काका म्हणाले. ती कुणाच्या तरी हातात चालताना मला बघू दे. नाचऱ्याचा एक फोटो आण. डोळा लखलखीत हवा. मग कापा मला कुठे कापायचं तिथे.

नाचरा म्हणजे मुठीत मावेल एवढा काळपट पक्षी, पांढऱ्या भुवईचा. शेपटीचा पंखा उघडतो, मिटतो, डावीकडे उडी, उजवीकडे उडी, फांदीवर एक क्षण टिकत नाही. वर राहतो सावलीत, जिथे उजेड नाही. काका म्हणायचे, धावणारा माणूस कुठे जाणार हे मला आधी कळायचं. ह्याचं ह्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. तीन वर्षं त्याने घरामागच्या झाडीत काकांना उल्लू बनवलं होतं.

काकूंनी लेन्सची पिशवी स्वतः हलूनकाच्या खांद्यावर अडकवली. म्हणाल्या, न्या हो, पस्तीस वर्षं सांभाळली ही सवत. काकांनी नियम सांगितले. तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, लावायचं नाही, लेन्स हातातच धरायची, कारण नाचरा तुझं तिकाटणं उभं होईपर्यंत थांबत नसतो. दाणे टाकायचे नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचं नाही. आणि घरटं दिसलं तर मान फिरवायची आणि चालू लागायचं. घरट्यावर लेन्स रोखायची नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

आता गंमत बघा. जगाला हलू नका सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला कोण आलं, तर नाचरा.

हलूनका सकाळी कामाच्या आधी तासभर आणि जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या मागच्या आवारात फिरायला लागला. तिथे धुलाईघर, बॉयलरची खोली, त्यामागे पडीक तुकडा, त्यात झुडपं आणि कडेने चार-पाच जुनी झाडं. नाचऱ्याची जोडी तिथे होतीच. चक-चक करत अगदी डोक्यावर यायची. तो लेन्स उचलायचा, छाती भरून श्वास घ्यायचा, धरायचा, बटण दाबायचा. आणि फोटोत काय, तर फांदी. कधी फांदी आणि शेपटीचं टोक. कधी पक्षी सापडलाच तर असा, जसा ओल्या बोटाने पुसलेला. अक्काने रोज संध्याकाळी फोटो बघायचा रिवाज पाडला. म्हणाली, बिनपाखराच्या फांद्यांचा असा साठा दुसऱ्या कुणाकडे नसेल, हे मी छातीठोक सांगते.

काका एक-एक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. पक्षी हलला असेल ते वेगळं, पण इथे मागची फांदीसुद्धा हललीय, म्हणायचे. म्हणजे तू हलतोयस. हे हलूनकाला फार लागलं. त्याचे हात हलतात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मोडक्या मानेखाली प्लेट सरकवताना त्याच्या हातात पाणी भरलेला पेला दिला असता तरी थेंब सांडला नसता. तो म्हणाला, लेन्सच जुनी आहे. काका म्हणाले, लेन्सला नावं ठेवू नकोस, तुझ्यापेक्षा जास्त कामाची आहे. तुझ्यासोबत तिथे येऊन बघायला पाहिजे. पण काकू त्यांना येऊ देत नव्हत्या. म्हणायच्या, गेले की लेन्स हिसकावून घेतील आणि उरलासुरला खांदा जागेवर मोडतील.

असे अडीच आठवडे गेले. त्या सोमवारी सकाळी काकू एकट्याच तळघरात आल्या. काकांना सकाळी पेला उचलता आला नव्हता. हातातून निसटला. केस त्याच विंचरायच्या आता, बटणं त्याच लावायच्या. डॉक्टरांना होय-नाही मंगळवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर गुरुवारची जागा दुसऱ्याला.

"तुमच्या पाया पडते," काकू म्हणाल्या. "कसलाही आणा. त्यांना डोळा दिसला की झालं."

त्या गेल्यावर हलूनकाने पिशवी घेतली आणि मागे गेला.

आणि त्याच दिवशी त्याला घरटं दिसलं. बॉयलरच्या खोलीमागे, डोक्यापेक्षा हातभर उंच, आडव्या फांदीच्या बेचक्यात, कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली एवढीशी वाटी. आणि वाटीत नाचरा बसलेला. बसलेला. न हलता. अडीच आठवडे ज्याच्यामागे जीव टाकला तो समोर, दहा पावलांवर, पेशंटसारखा शांत.

त्याला काकांचा नियम आठवला, असं नाही की विसरला. त्याने स्वतःलाच पटवलं. म्हणाला, नियम पाखरू घाबरू नये म्हणून. हे कुठे घाबरलंय, बसलंय की. फक्त मध्ये एक पानांचा झुबका येत होता, बरोब्बर डोळ्यावर.

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं ते सोडा. ह्याने आयुष्यभर केलं तेच केलं. पेशंटचा दंड छातीवर येत असेल तर दंड बाजूला घ्यायचा, पट्टीने बांधायचा, वर वाळूची पिशवी ठेवायची, म्हणजे हाड मोकळं दिसतं. तो खाली गेला, पट्टीची गुंडाळी आणि एक वाळूची पिशवी घेऊन आला. झाडाशेजारच्या बुटक्या भिंतीवर चढून पानांची फांदी बाजूला ओढली, पट्टीने बांधली आणि पट्टीच्या टोकाला वाळूची पिशवी लोंबकळत सोडली. पक्षी उडाला, दहा मिनिटांनी परत आला. हलूनकाने कोपर बॉयलरच्या पाइपावर टेकवलं आणि अकरा फोटो काढले. सहावा असा आला की पापणीचा काठ मोजावा.

फांदी त्याने तशीच बांधून ठेवली. दुपारी अजून दोन काढू म्हणाला, उजेड वाढेल.

उजेड वाढणारच होता. ऊनच ते.

दुपारी खाली रांग होती. टेबलावर शिडीवरून पडलेला एक रंगारी होता, पैलवानासारखा गडी, बरगड्या बघायच्या होत्या. हलूनकाने मधल्या वेळात मेमरी कार्ड यंत्राला लावलं होतं, म्हणजे मोठ्या पडद्यावर फोटो बघता येईल. ज्या पडद्यावर तो हाडं बघायचा त्याच पडद्यावर नाचरा आला, कुत्र्याएवढा मोठा. डोळा लखलखीत. डोळ्यात आभाळसुद्धा. हलूनकाची छाती फुगली. त्याने रंगाऱ्याला सांगितलं, श्वास घ्या, धरा. आणि बटणाकडे हात नेता नेता पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं.

त्याला बघायचं वळण एकच होतं. जे सुंदर दिसतं ते सोडून जे बरोबर नाही ते शोधायचं. चोच उघडी होती. पंख अंगाला मिटलेले नव्हते, दोन्ही बाजूंना सुटून खाली उतरले होते. गळ्याची पिसं उचललेली. स्वस्थ बसलेलं पाखरू असं बसत नाही. धाप लागलेलं पाखरू असं बसतं. आणि वाटीच्या काठावर, पंखाच्या सावलीत, पिवळसर कड असलेलं काहीतरी, एवढंसं. चोचीचं टोक. खाली पिल्लं होती. हे वर पंख पसरून त्यांच्यावर सावली धरून बसलं होतं. सावली धरावी लागत होती, कारण पानांची सावली ह्याने पट्टीने बांधून बाजूला केली होती. म्हणून ते हलत नव्हतं. ते शांत नव्हतं, त्याला हलताच येत नव्हतं.

हा फोटो सकाळी साडेनऊचा होता. आता दोन वाजले होते.

हलूनका धावला. बावीस वर्षांत त्याला कुणी धावताना बघितलं नव्हतं. जिन्यात अक्का चादरींची गाडी घेऊन उभी होती, ती भिंतीला चिकटली. मागे रंगारी टेबलावर छाती फुगवून पडलेला, कारण त्याला श्वास धर सांगितलं होतं, सोड कुणी सांगितलंच नव्हतं. बिचारा लाल झाला. अक्का आत डोकावली, म्हणाली, अहो, सोडा तो श्वास, तो येडा गेला पळून. रंगाऱ्याने सोडलेला तो सुस्कारा म्हणे जिन्यापर्यंत ऐकू आला.

फांदी सोडताना हलूनकाच्या बोटांना गाठ सापडेना. त्याने दातांनी पट्टी तोडली. पानं झपकन जागेवर आली, घरटं झाकलं गेलं. पण घरट्यावर कुणी नव्हतं. तो धुलाईघराच्या कोपऱ्यामागे जाऊन उभा राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी आलं नाही. खालून रांगेतल्या लोकांच्या शिव्या यायला लागल्या. त्याला जावं लागलं. त्याने उरलेल्या सगळ्यांचे फोटो काढले, रंगाऱ्याचा पहिला. एकदाही मोठ्याने बोलला नाही.

संध्याकाळी अक्काला सगळं सांगितलं. अक्का स्पष्ट बोलणारी. म्हणाली, फोटो दाखव आणि तोंड बंद ठेव. उद्या दुपारपर्यंत त्यांना कळवायचंय. एका बाजूला माणसाचा हात आहे आणि दुसऱ्या बाजूला वीतभर पाखरू. तू काय मोठा देव लागून गेलास खरं बोलायला. तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हलूनका अर्ध्या वाटेपर्यंत तेच ठरवून चालला होता. वाटेत दुकानात फोटो छापून घेताना त्याने लेन्सची काच फडक्याने दोनदा पुसली. आणि मग त्याला वाटलं, हा फोटो काकांच्या हातात दिला की त्यांचा डोळा आपल्यासारखाच फिरणार, आधी पापणीवर, मग चोचीवर. फसवायचं तर आंधळ्याला फसवावं.

काकूंनी दार उघडलं. त्याच्या हातात पिशवी बघून त्यांचा चेहरा उजळला. आत काका खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर टाकलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"फोटो आहे," हलूनका उभ्या उभ्याच म्हणाला. "डोळा लखलखीत आहे. पण घरट्यावरचा आहे, आणि मी पानं बांधली होती. सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात ठेवलं मी त्यांना. पानं सोडलीत आता. पिल्लं जगलीत का, ठाऊक नाही."

काकूंनी जवळचं स्टूल ओढलं आणि बसल्या.

काकांनी हात पुढे केला. फोटो बघितला. बराच वेळ. फोटोच्या कोपऱ्यात पट्टीचं पांढरं टोक आलं होतं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मग डाव्या हाताने पिशवी ओढून घेतली, लेन्स काढली आणि दोन्ही हातांनी उचलायला गेले. छातीपर्यंत आली आणि थांबली. तोंड वाकडं झालं, कपाळावर घाम आला. काकू उठल्या तशा काका म्हणाले, बस खाली. त्यांनी तसाच अजून एकदा जोर लावला. लेन्स छातीच्या वर गेली नाही. हलूनकाने हात पुढे करून ती धरली, नाहीतर पडली असती.

"उजेड आहे अजून," काका म्हणाले. "चल."

तिघंही गेले. रंगाऱ्याला टेबलावर टाकून, रांग सोडून धावल्याचं हलूनकाने वाटेत सांगितलं. मावळतीला अर्धा तास असेल. बॉयलरची खोली बंद होती, धुलाईघराच्या दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. काकांनी त्याला चादरींच्या आडून लांबच उभं केलं. म्हणाले, रोखायचं नाही म्हटलं होतं, पण आज बघणं भाग आहे. एकदाच. बटणाला हात लावायचा नाही. मला उचलता येत नाही, तेव्हा तू बघ आणि मला सांग.

हलूनकाने लेन्स उचलली, कोपर बरगडीला लावलं आणि छाती भरून श्वास घेऊन धरला. पानं, पानं, पानं. सगळं थरथरत होतं. काही ठरेना. काका त्याच्या पाठीशीच उभे होते. त्यांनी तो श्वास ऐकला.

"काय करतोयस?"

"श्वास धरलाय."

"छातीचा एक्स-रे काढून घेतोयस का?" काकांनी त्याच्या पाठीवर चापट मारली. "फुगा झालाय तुझा. भरलेल्या छातीत काळीज किती धडधडतं, तेच हाताला येतंय. ते त्या रंगाऱ्याला शिकव. लेन्सला श्वास सोडायचा असतो. अर्धा सोड, आणि जिथे आपोआप थांबतो तिथे बघ."

अडीच आठवडे ह्याचे हात आपणहून हलत नव्हते. श्वास धरायची धंद्याची सवय ते हलवत होती. त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले, लेन्स जड झाली आणि जड होता होता स्थिर झाली. पानांच्या मधली फट सापडली.

"घरटं दिसतंय," तो म्हणाला. "वर कुणी नाही."

काकू चादरीचा काठ धरून उभ्या होत्या. वर कुठेतरी चक-चक झालं. मग पानं हलली.

"आलं. काठावर बसलंय."

"तोंड?"

"तोंडात किडा आहे. वाकतंय." आणि मग तो एक्स-रेचा अहवाल सांगावा तसा सांगत गेला. "डावीकडे एक चोच उघडली. पिवळी कड. मध्ये दुसरी. थांबा. तिसरी आहे, मागे, जरा खाली. तीही उघडली. तिघं. हे गेलं उडून. दुसरं आलं. आता बसतंय. पंख मिटलेले. तोंड मिटलेलं."

"आई की बाप, ते सांगता यायचं नाही," काका म्हणाले. "दोघंही बसतात आळीपाळीने." त्यांनी डाव्या हाताने लेन्स जरा खाली दाबली. "पुरे. खाली घे."

हलूनकाने लेन्स पुसली, पिशवीत ठेवली, चेन लावली आणि पिशवी काकांपुढे धरली. त्याला वाटलं, झालं, संपलं. फोटो नाही, लेन्स नाही, आणि ह्यांचा हातही आपल्यामुळे गेला. असंच काहीसं तो बोललाही, पण नीट जमलं नाही.

काकांनी पिशवी घेतली नाही.

"दुपारी रांग सोडून धावलास म्हणतोस?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. दिसलं पडद्यावर."

काका काकूंकडे वळून म्हणाले, उद्या सकाळीच फोन लाव त्या डॉक्टरला, म्हणावं गुरुवारी येतो. काकूंना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या, तो स्वच्छ झाल्यावरही.

"पण फोटो तर नाही झाला," हलूनका म्हणाला. तो असाच. वळलेली गाडी पुन्हा खड्ड्याकडे नेणारा.

"लखलखीत डोळा गाढवसुद्धा काढेल, पाइपावर कोपर टेकवून," काका म्हणाले. "मला लेन्स कुणाकडे द्यायची ते बघायचं होतं. फोटो काढशील. नाही काढलास तर येऊन कान पिळीन, डावा हात शाबूत आहे. आणि पुन्हा घरट्याजवळ दिसलास तर लेन्स काकूला देईन, ती हिच्यात लोणी साठवेल."

गुरुवारी स्ट्रेचर ढकलणं हलूनकाचं काम नव्हतं. ढकलणाऱ्या माणसाला त्याने बाजूला केलं आणि स्वतः ढकललं. अक्काने स्ट्रेचरवर नवी कोरी चादर घातली होती, जी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीसाठी राखलेली असते. काकांना ते ठाऊक नव्हतं. ते छताकडे बघत विचारत होते, पिल्लं कशी आहेत, जवळ गेलास का, नाही ना. हलूनका म्हणाला, लांबूनच ऐकतो, आवाज वाढलाय. ऑपरेशनच्या दाराशी त्याने रात्री ठरवलेलं बोलायला तोंड उघडलं. म्हणाला, काका, मी बावीस वर्षं खाली उभा होतो, मला ठाऊकच नव्हतं की. एवढंच. पुढचं येईना.

"माहीत आहे," काका म्हणाले. "ऊन उतरायला लागलंय. लेन्स घेऊन जा."

तो गेला नाही. दोन तास काकूंशेजारी बाकावर बसून राहिला, आणि खाली त्याच्या जागी बसवलेल्या तंत्रज्ञाने त्याच्या नावाने बोटं मोडली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, जुळलंय, अजून महिनाभर उशीर झाला असता तर जुळलं नसतं. काकूंनी डॉक्टरांना हात जोडले. मग वळून हलूनकालाही जोडले. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने काकूंचा रिकामा चहाचा पेला उचलला आणि धुऊन आणला.

त्यानंतर दर रविवारी तो काकांकडे जायला लागला. काकांचा हात पट्ट्यात अडकवलेला. काका खुर्चीत, हलूनका खाली सतरंजीवर, मध्ये लेन्स. दीड महिन्यानंतर एका रविवारी त्याने एक फोटो आणला. हातात धरून काढलेला, श्वास सोडून. नाचरा फांदीवर, फांदीची साल मोजता येते, डोळ्यात ठिणगी. पंखा उघडलेला होता, पण अर्धा फोटोच्या बाहेर.

काकांनी तो दूर धरला, जवळ धरला, खिडकीकडे नेला. काकूंना बोलावलं. अक्का आली होती, तिलाही दाखवला. शेवटी हलूनकाकडे बघून म्हणाले, शेपूट कुठंय?

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला.